बाद झालेल्या मुलांचे काय करायचे? इंदिरानगरातील एका सभागृहातले आठ शनिवार

नाशिकमध्ये पावसाने जोर धरला, की गंगापूर धरणातून गोदावरीत पाणी सोडले जाते, दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी चढले याची छायाचित्रे मोबाइलवर फिरू लागतात आणि उद्या शाळेला सुट्टी मिळेल का, या एकाच प्रश्नाकडे घराघरांतल्या मुलांचे लक्ष लागते. सुट्टी मिळालीच तर तिचे करायचे काय, हा प्रश्न मात्र मोठ्यांच्या वाट्याला येतो, कारण मैदानात चिखल असतो, वाहनतळात गाड्या असतात आणि घरात मोबाइल असतो. इंदिरानगरातील आमच्या सोसायटीत अशा दिवसांत मुले जिन्यात पकडापकडी खेळत, कंटाळली की लिफ्टने वरखाली करत आणि शेवटी कोणाच्या तरी घरी एका पडद्याभोवती सहा डोकी जमवून बसत. गेल्या वर्षी जुलैच्या सुरुवातीला कार्यकारिणीने ठरवले, की दर शनिवारी संध्याकाळी ५ ते ६.३० या वेळेत तळमजल्यावरचे सभागृह मुलांना बैठ्या आणि घरातल्या घरात खेळता येण्याजोग्या खेळांसाठी द्यावे. मी प्राथमिक शाळेत शिकवते, एवढ्या एका कारणावरून हे काम माझ्याकडे आले.

असे आठ शनिवार झाले. त्यांपैकी पहिला पुरता फसला. तो का फसला हे शोधताना जे बदल केले, त्यातले काही जमले आणि काही पुन्हा फसले, त्या सगळ्याची ही नोंद आहे. मुलांची आणि सोसायटीची नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

जागा आणि मुले

सभागृह साधारण ३० फूट लांब आणि २० फूट रुंद आहे, म्हणजे ६०० चौरस फूट. पहिल्या दिवशी २२ मुले आली, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम २७ चौरस फूट जागा होती. एका कडेला दोन खांब, खाली गुळगुळीत फरशी, भिंतीशी रचलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, तीन सतरंज्या आणि एक जुना कॅरम बोर्ड, एवढे साहित्य होते. कॅरमच्या १९ सोंगट्यांपैकी १६ शिल्लक होत्या. राणी कधीच हरवली होती आणि तिच्या जागी कोणीतरी शर्टाचे लाल बटण ठेवले होते.

मुलांची वये ५ ते १३. कोणी मराठी माध्यमाचे, कोणी सेमी इंग्रजीचे, बरेचसे इंग्रजी माध्यमाचे. शाळेत वर्ग वयानुसार पाडलेले असतात, त्यामुळे सीनियर केजीतले मूल आणि सातवीतला मुलगा एकाच खेळात उतरवायची वेळ शिक्षकांवर सहसा येत नाही. सोसायटीत मात्र ती रोजच येते. या एका फरकाचा मी आधी विचार केला नव्हता, आणि पहिल्या शनिवारचा घोळ तिथूनच सुरू झाला.

पहिला शनिवार

सर्वांना ठाऊक असलेला आणि सर्वांना आवडणारा खेळ म्हणून मी संगीत खुर्ची निवडली. २२ मुले, २१ खुर्च्या, मोबाइलवर गाणे. गाणे थांबले, की एक मूल बाद, एक खुर्ची कमी.

या खेळाचा हिशेब कोणीही कागदावर मांडून पाहावा. २२ मुले असतील तर विजेता ठरायला २१ फेऱ्या लागतात. गाणे, धावपळ, ‘मी आधी बसलो’चा वाद आणि खुर्ची उचलणे धरून एका फेरीला दीड मिनिट लागते, असे घड्याळावरून दिसले. म्हणजे पहिल्या फेरीत बाद झालेल्या मुलाने पुढच्या २० फेऱ्या, सरळ अर्धा तास, भिंतीशी बसून दुसऱ्यांचा खेळ पाहायचा. पहिला बाद झाला तो सीनियर केजीतला, गटातला सर्वांत लहान मुलगा. अकरावी फेरी संपली तेव्हा ११ मुले खेळत होती आणि ११ मुले बसून होती. त्यानंतर बसलेल्यांची संख्या वाढतच गेली, आणि बसलेली मुले अर्थातच बसून राहिली नाहीत. कोणी कॅरमच्या सोंगट्या फरशीवर घसरवू लागले, कोणी पडद्यात गुंडाळून घेतले, दोघांनी खांबाभोवती स्वतंत्र पकडापकडी सुरू केली. पाचव्या फेरीत बाद झालेली तिसरीतली मुलगी त्या पकडापकडीत धावताना दाराशी छत्र्यांचे पाणी साचले होते त्यावर घसरली आणि तिची हनुवटी खुर्चीच्या कडेवर आपटली. जखम खरचटण्यापुरतीच होती, बर्फ लावून भागले. तोवर वरच्या मजल्यावरच्या रहिवाशांचा आवाजाबद्दल सचिवांना फोन गेलेला होता.

त्या रात्री मी वहीत लिहिले, ‘शिस्त कमी पडली, पुढच्या वेळी दोन पालक मदतीला घ्यावेत.’ हे निदान चुकीचे होते, हे दुसऱ्या दिवशी लक्षात आले. मी सहज आठवून आठवून मुले कोणत्या क्रमाने बाद झाली ते लिहून काढले. पहिली सहाच्या सहा मुले आठ वर्षांच्या आतली होती. लांब पाय आणि रुंद खांदे असलेली मुले शेवटपर्यंत टिकली. ज्यांना खेळाची सवय सर्वांत कमी आणि धीर सर्वांत थोडा, त्यांनाच सर्वांत कमी खेळायला मिळाले आणि सर्वांत जास्त थांबावे लागले. गोंधळ खेळणाऱ्या मुलांनी केलाच नव्हता, तो थांबलेल्या मुलांनी केला होता, आणि त्यांना थांबवले होते खेळाच्या नियमाने. दोन पालक आणखी उभे केले असते, तर फार तर बसलेल्या मुलांना गप्प बसवता आले असते.

बाद आणि राज्य

माझे लहानपण जुन्या नाशकातल्या वाड्यात गेले. पावसाळ्यात आम्ही पंधरा-वीस मुले ओसरीवर आणि माजघरात खेळत असू, वयांचा फरकही असाच होता, जागा याहून कमी होती. तरी अर्धा तास भिंतीशी बसल्याचे मला आठवत नाही. याचे कारण शोधताना एक साधी गोष्ट हाती लागली. आमच्या बहुतेक खेळांत हरणारा ‘बाद’ होत नसे, त्याच्यावर ‘राज्य’ येत असे. लपंडाव, आंधळी कोशिंबीर, विषामृत, कोणताही खेळ घ्या. पकडला गेलेला बाहेर जात नाही. उलट आता सर्वांत जास्त काम त्यालाच असते, सगळ्यांचे डोळे त्याच्यावर असतात. शिवाय अगदी लहान भावंडांसाठी ‘लिंबूटिंबू’ नावाची सोय होती. लिंबूटिंबू सगळ्यांबरोबर धावतो, ओरडतो, पकडलाही जातो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. बाद आणि राज्य हे दोन्ही शब्द मुलांच्या तोंडी रोज असतात, पण त्यांतला फरक खेळ निवडताना मी कधी मोजला नव्हता.

राज्याचे खेळ निर्दोष आहेत असे मात्र नाही. त्याचा अनुभव लगेचच आला.

दुसरा शनिवार: आंधळी कोशिंबीर

खेळ सुरू करण्याआधी मुलांना गोल बसवून नियम ठरवायला सांगितले. येथे वयांचा फरक वेगळ्याच तऱ्हेने दिसला. जाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञांनी स्वित्झर्लंडमधील मुलांच्या गोट्यांच्या खेळाचे निरीक्षण करून १९३२ मध्ये मांडले होते, की लहान मुलांना नियम वरून आलेले आणि न बदलणारे वाटतात, तर दहा-बारा वर्षांच्या सुमारास मुले नियमाकडे आपापसांत ठरवलेला करार म्हणून पाहू लागतात. आमच्या सभागृहात याचा पुरावा पाच मिनिटांत मिळाला. ‘संगीत खुर्चीत कोणी बाद झालेच नाही तर?’ असे मी विचारताच सीनियर केजीतला तो मुलगा, जो स्वतः सर्वांत आधी बाद होऊन रडला होता, ठामपणे म्हणाला, ‘असं नसतंच.’ सातवीतली मुलगी मात्र वही पुढे ओढून ‘नियम क्रमांक १’ असे लिहूनही मोकळी झाली होती. यावरून मी एक धडा घेतला. नियम बदलण्याची चर्चा मोठ्यांबरोबर करावी आणि लहानांना बदललेला खेळ नव्या नावाने द्यावा, म्हणजे जुन्या खेळाशी बेइमानी झाल्यासारखे त्यांना वाटत नाही.

आंधळी कोशिंबीर बंद खोलीसाठी बदलून घ्यावी लागली. खुर्च्या बाहेर काढल्या, खांबांना सतरंज्या गुंडाळून सुतळीने बांधल्या, छत्र्या आणि चपला दाराबाहेर ठेवल्या. ज्याच्यावर राज्य आहे तो डोळ्यांवर रुमाल बांधून मोठ्याने दहा अंक म्हणतो. तोवर इतरांनी हवे तिथे जायचे, दहा म्हटल्यावर जागच्या जागी उभे राहायचे आणि त्यानंतर प्रत्येकाला फक्त तीन पावले टाकण्याची मुभा. नुसते पकडून भागत नाही, पकडलेले मूल कोण हे चाचपून ओळखायचे. तीन पावलांच्या बंधनामुळे टक्कर होणे थांबले, आणि शांत राहिले तरच वाचता येते म्हणून आवाजही आपोआप उतरला. वरच्या मजल्यावरून त्या दिवशी फोन आला नाही.

पण दुसरीतल्या एका मुलावर लागोपाठ चार वेळा राज्य आले. तो जरा स्थूल आहे, तीन पावलांत फार सरकू शकत नाही आणि हात लागताच ओळखू येतो. मोठ्या मुलांच्या हे ध्यानात आले आणि ज्याच्यावर राज्य येई तो त्यालाच शोधू लागला. चौथ्यांदा रुमाल सोडला तेव्हा तो ओला होता. मी तो घडी करून खिशात घातला आणि दुसरा काढला, हे त्याच्याशिवाय कोणाला दिसले नसावे. बाद होण्यात मूल दृष्टीआड होते. राज्य येण्यात ते सर्वांसमोर उघडे पडते, आणि एका दुबळ्या गड्यावर राज्य चिकटले की ते बाद होण्याहून वाईट. वाड्यातही हे होत असे, आपण ते विसरलेले असतो इतकेच. त्यावर सातवीतल्या मुलीने तोडगा सुचवला. एकावर सलग दोनदा राज्य आले, की खेळ थांबवून पुन्हा चकायचे. चकणे म्हणजे तिघांनी एकदम हात टाकायचे, कोणाचा पालथा, कोणाचा उताणा, आणि ज्याचा वेगळा पडेल तो सुटला. हा केवळ नशिबाचा भाग असल्याने त्यात वय, वजन किंवा चपळाई यांचा संबंध येत नाही. पुढच्या सहाही शनिवारी हा नियम टिकला.

कागद, खडू आणि ‘शिवाजी म्हणतो’

संगीत खुर्चीला पर्याय म्हणून तिसऱ्या शनिवारी वर्तमानपत्रांचा खेळ घेतला. चार-चार मुलांच्या गटाला पूर्ण उघडलेले एक पान. गाणे थांबले की चौघांनी त्यावर मावायचे, आणि दर फेरीला पानाची घडी घालून ते निम्मे करायचे. येथे मूल बाद होत नाही, जागा कमी होते, आणि चौघांना एकमेकांना धरून, लहान मुलाला पायांवर उभे करून मावावे लागते. कल्पना उत्तम होती. फरशी गुळगुळीत आहे हे मी पुन्हा विसरले होते. दुसऱ्याच घडीला कागद पायाखालून निसटला आणि एक गट एकमेकांवर कोसळला. सुदैवाने हसण्यावारी गेले. मग कागद गुंडाळून ठेवला आणि फरशीवर खडूने चौकोन आखले. दर फेरीला आतला निम्मा भाग पुसायचा, आठव्या हिश्श्यापर्यंत. सचिवांनी खडूबद्दल नापसंती दाखवली, पण ओल्या फडक्याने फरशी मुलांनीच पुसून दिल्यावर विषय संपला.

‘शिवाजी म्हणतो’ हा खेळही बाद होण्याचाच आहे. तो दोन रिंगणांत घेतला. दोन्हीकडे एकाच वेळी खेळ चालू, आणि एका रिंगणात चुकलेल्याने दुसऱ्यात जायचे. चुकण्याचा अर्थ जागा बदलणे एवढाच उरला. मुले दहा मिनिटांत तिसऱ्यांदा रिंगण ओलांडत होती आणि कोण किती वेळा चुकले, हे कोणाच्याच लक्षात राहत नव्हते. याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. तो सरळ जमून गेला.

एक गोष्ट मात्र येथे नोंदवायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वयोगटाला दिवसाला सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस शारीरिक हालचाल हवी. शांततेच्या मोहापायी दीड तास नुसते बैठे खेळ घेतले असते तर वरचा मजला खूश झाला असता, पण पावसामुळे आठवडाभर कोंडलेल्या मुलांना हालचालीचा एकही तास मिळाला नसता. म्हणून पहिली ४० मिनिटे उभ्याचे खेळ आणि त्यानंतर बैठे खेळ, असा क्रम ठेवला. हा क्रम उलटा करून पाहू नये. बसलेल्या मुलांना उठवणे सोपे असते, पण ६.३० ला घामाघूम, चेकाळलेली मुले घरी पाठवली की आयांचे फोन येतात.

चिठ्ठ्यांचा खेळ

मिश्र वयाच्या गटात सर्वांत उपयोगी पडला तो राजा-प्रधान-चोर-शिपाई हा जुना चिठ्ठ्यांचा खेळ. चार मुले, चार चिठ्ठ्या. राजा स्वतःची चिठ्ठी दाखवून ‘माझा शिपाई कोण?’ असे विचारतो, शिपाई पुढे होतो आणि उरलेल्या दोघांतून त्याने चोर ओळखायचा. गुण घरोघरी वेगळे असतात. आम्ही राजाला १०००, प्रधानाला ८००, शिपायाला ५०० आणि चोराला शून्य असे ठरवले. शिपाई चुकला तर त्याचे ५०० चोराला.

या खेळाची रचना पाहण्यासारखी आहे. शिपायासमोर दोनच पर्याय उरतात, त्यामुळे निव्वळ अंदाजाने सांगितले तरी तो सरासरी निम्म्या वेळा बरोबर येतो. राजाची चिठ्ठी कोणाला मिळेल हे तर पूर्णपणे नशिबावर. पाच वर्षांचे मूल आणि तेरा वर्षांचा मुलगा यांना जिंकण्याची जवळजवळ सारखी संधी असलेले खेळ फार थोडे आहेत, आणि त्यांतला हा एक, तोही एका कागदाच्या चार तुकड्यांत होणारा. त्या दिवशी २४ मुले होती, त्यामुळे बरोबर सहा गट पडले. हजारांची बेरीज न येणाऱ्या मुलांच्या दोन गटांना एका आजींनी डबाभर चिंचोके दिले आणि तिथे गुण दहा, आठ, पाच आणि शून्य चिंचोक्यांत मोजले गेले. मुठीत चिंचोके वाढताना दिसणे हे लहान मुलांना वहीतल्या आकड्यांपेक्षा कितीतरी जवळचे वाटले.

कौशल्याचा जो थोडा वाव उरतो, तो चेहरा वाचण्यात. सीनियर केजीतल्या त्या मुलाला चोराची चिठ्ठी आली, की तो दोन्ही हात तोंडावर दाबून हसू लागे आणि शिपाई त्याला क्षणात पकडे. तीन वेळा असे झाले. चौथ्या वेळी तो तसाच हात तोंडावर दाबून हसला, शिपायाने बोट दाखवले, आणि त्याने चिठ्ठी उघडली तर तो प्रधान होता. तो आधीच्या वेळांसारखा खरोखर हसत होता की हसण्याचे सोंग करत होता, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. मात्र पाचव्या डावापासून त्याच्या गटातला प्रत्येक जण चिठ्ठी उघडताच तोंडावर हात दाबून हसू लागला.

नाव-गाव-फळ-फूल

हा खेळ माध्यमांच्या फरकामुळे अडेल अशी मला भीती होती. इंग्रजी माध्यमातल्या काही मुलांना शब्द सुचतो पण देवनागरीत झटकन लिहिता येत नाही. म्हणून जोड्या केल्या. मोठ्याने लिहायचे, पण चारपैकी निदान दोन रकान्यांतला शब्द लहान्याने सुचवलेला असला पाहिजे. ‘ण’ आणि ‘ळ’ ही अक्षरे आधीच बाजूला काढली, कारण त्यांनी सुरू होणारे शब्द मराठीत नाहीत, ही गोष्टही अनेक मुलांना त्या दिवशी नव्याने कळली. कोणाकडेच नसलेल्या शब्दाला दहा गुण, दुसऱ्याशी जुळलेल्या शब्दाला पाच.

‘न’ हे अक्षर आले. फळाच्या रकान्यात नारळ लिहिणाऱ्यांवर आक्षेप आला, त्यावर चौथीतल्या एका मुलाने ‘मग त्याला श्रीफळ का म्हणतात?’ असे विचारून नारळ मान्य करून घेतला. गावाच्या रकान्यात अकरा जोड्यांपैकी सात जणांनी नाशिक लिहिले होते, दोघांनी निफाड, एकाने नांदगाव. अकराव्या जोडीने लिहिले होते नामपूर. ही जोडी जूनमध्ये सटाण्याकडून राहायला आलेल्या चौथीतल्या मुलीची होती. तोपर्यंतच्या शनिवारी ती येत असे, खेळत असे, पण बोलणे मानेने होकार-नकार देण्यापुरतेच. सातवीतला एक मुलगा म्हणाला, ‘असं गावच नाही.’ त्यासरशी ती ताडकन उठून म्हणाली, ‘शे ना! मन्हा मामानं गाव शे!’

दोघे-तिघे ‘आहे’ऐवजी अहिराणीतले ‘शे’ ऐकून हसले. मी काही बोलणार होते, पण त्या दिवशी पंच असलेल्या सहावीतल्या मुलाने माझ्याआधीच विचारले, ‘कुठं आहे?’ ‘सटाण्याकडं,’ ती म्हणाली. ‘दहा,’ असे म्हणून त्याने लिहून टाकले. पुढच्या शनिवारी मी नाशिक जिल्ह्याचा, पंधराही तालुके दाखवणारा नकाशा भिंतीवर लावला आणि गावांचे वाद तिथे सुटू लागले. त्या दिवशी ‘क’ आले तर कळवणपासूनची सगळी गावे हिला माहीत असणार, या अंदाजाने तिघांनी तिच्याशी जोडी लावायची तयारी दाखवली. यात मैत्री किती आणि गुणांचा हिशेब किती, हे सांगता येणार नाही.

मोठ्या मुलांची तक्रार

चौथ्या शनिवारी सातवी-आठवीतली तीन मुले आली नाहीत. त्यांतल्या एकाला लिफ्टपाशी गाठून विचारले, तेव्हा त्याने स्पष्ट सांगितले, ‘काकू, तिथं कोणी हरतच नाही. मग खेळायचं कशाला?’

हे मला लागले, कारण ते खरे होते. पहिल्या शनिवारच्या धक्क्याने मी दुसऱ्या टोकाला गेले होते. लहानांना सांभाळण्याच्या नादात मोठ्या मुलांना मी खेळाडूंपेक्षा सांभाळकर्ते करून ठेवले होते. दर वेळी जोडी लहान्याबरोबर, दर वेळी पंचगिरी, दर वेळी समजूतदारपणा. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला जोर लावून खेळायचे असते, बरोबरीच्या गड्याला हरवायचे असते आणि त्याच्याकडून हरल्यावर पुन्हा डाव मागायचा असतो. समान वयाच्या, समान ताकदीच्या मुलांत बाद होण्यात काहीच गैर नाही. हार टोचते ती जोडी विजोड असते तेव्हा.

त्यामुळे पाचव्या शनिवारपासून शेवटची २० मिनिटे खऱ्या हार-जितीसाठी राखली. कॅरमच्या दोन सोंगट्या आणि खरी राणी विकत आणली. हरणारी जोडी उठेल आणि दुसरी बसेल, पण डाव आठ मिनिटांचाच, त्यानंतर गुणांवर निकाल. दुसऱ्या कोपऱ्यात पत्त्यांचा बदाम सात, तिसऱ्यात लहानांसाठी सापशिडी. रडीचा डाव कोण खेळतो यावर या २० मिनिटांत जितकी भांडणे झाली तितकी उरलेल्या वेळात मिळून झाली नसतील, आणि ती मी सोडवली नाहीत. तिघांपैकी दोघे परत आले. तिसरा आला नाही, आणि त्याला परत कसे आणता आले असते हे मला माहीत नाही.

संगीत खुर्ची पुन्हा

सातव्या शनिवारी सीनियर केजीतल्या मुलाने येताच मागणी केली, ‘आज संगीत खुर्ची.’ पहिल्याच फेरीत बाद होऊन रडलेल्या मुलाने तोच खेळ मागावा याचे मला नवल वाटले. मुलांना एखादा खेळ बाद होण्याच्या भीतीसकट आवडू शकतो, हे माझ्या आधीच्या हिशेबात बसले नव्हते.

या वेळी दोन रिंगणे केली, ११ मुले आणि १० खुर्च्या असे प्रत्येकी. एकात आठ वर्षांच्या आतली, दुसऱ्यात वरची. त्यामुळे फेऱ्या १० झाल्या आणि वाद कमी झाल्याने एका फेरीला मिनिटभरच लागले. पहिल्या बाद झालेल्याला थांबायचे ते फार तर नऊ मिनिटे. खुर्च्यांच्या पायांना रबरी बूट बसवले होते. शिवाय प्रत्येक बाद झालेल्याला एक काम दिले. पहिल्याने मोबाइल हातात घेऊन गाणे लावायचे आणि थांबवायचे, दुसऱ्याने खुर्ची उचलायची, तिसऱ्याने ‘आधी कोण बसले’ याचा निकाल द्यायचा, बाकीच्यांनी टाळ्यांचा ठेका धरायचा. बाद झालेल्याकडे राज्य सोपवावे, अशी ही खटपट होती. लहानांच्या रिंगणात पहिला बाद तोच मुलगा झाला. मी मोबाइल त्याच्या हातात दिला. पुढची नऊ मिनिटे त्याने गाणे अशा बेरकीपणाने थांबवले, कधी दोन सेकंदांत, कधी पूर्ण कडवे संपल्यावर, की दुसऱ्या रिंगणातली मोठी मुलेही त्याच्याकडे पाहू लागली.

मुलांना मोबाइलपासून दूर ठेवण्यासाठी सुरू केलेल्या उपक्रमात मोबाइल हातात मिळणे हेच सर्वांत मोठे बक्षीस ठरले, हे सचिवांनी मला नंतर ऐकवले, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

आठव्या शनिवारी पुन्हा हाच खेळ लावला. गाणे सुरू झाले, मुले फिरू लागली. गाणे थांबले तेव्हा लहानांच्या रिंगणातील पाच मुले खुर्च्यांकडे न पाहता माझ्याकडे हात पसरून धावत आली, अर्ध्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या आणि आपणच सर्वांत आधी बाद झालो, यावरून त्या पाच जणांत जुंपली. मी सर्वांना परत उभे केले आणि गाणे कोण लावणार हे आधीच चकून ठरवायचे, असा नियम केला. पाच हात पुढे आले. ते पडायच्या आतच सीनियर केजीतल्या मुलाने माझी ओढणी ओढून हळूच विचारले, ‘काकू, मी आउट झालो ना?’